आबांच्या जीपचा गंज

आमच्याकडं गव्हावर, सोयाबीनवर पडतो तो तांबेरा आणि लोखंडावर चढतो तो गंज. रंग दोन्हींचा सारखाच. पण तांबेऱ्यावर वेळेत औषध मारलं तर पीक हाताला लागतं. गंजाचं तसं नाही. लोखंड म्हटलं की त्याला हवा लागणार, पाणी लागणार आणि गंज चढणार. तो लांबवता येतो, एवढंच. ही साधी गोष्ट मी शाळेत शिकलो होतो, पण ती डोक्यात उतरायला आबांची जीप आणि आबांचं मनगट खर्ची पडलं.

माझं शिक्षण दहावीपर्यंत. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीच्या बोर्डाची पहिली परीक्षा झाली, त्या पहिल्या तुकडीतला मी. सरांनी वर्गात गंजाचा प्रयोग करून दाखवला होता. तीन काचनळ्या, तीन खिळे. एकीत साधं पाणी. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, म्हणजे हवा आत जाऊ नये. तिसरीत पाणीच नाही, नुसती कोरडी हवा. आठ दिवसांनी बघितलं तर फक्त पहिल्या नळीतला खिळा लाल झालेला. पाणी आणि हवा दोन्ही असल्याशिवाय गंज नाही, असं सरांनी फळ्यावर लिहिलं, आम्ही वहीत उतरवून घेतलं. पुढं वही कुठं गेली कुणास ठाऊक, मी रानात गेलो.

माझं गाव शिरोळ तालुक्यात. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या नद्यांचा हा मुलूख. काळी माती, ऊस, आणि पाण्याला तोटा नाही. माझ्या लहानपणी गावात बैलगाड्या आणि सायकली. चार चाकांचं वाहन आलं तर ते सरकारी, आणि सरकारी म्हणजे जीप. मामलेदार आले की जीप, पाटबंधाऱ्याचे साहेब आले की जीप, निवडणूक लागली की जीप. पुढं साखर कारखान्याच्या शेतकी खात्याकडंही जीपा आल्या. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. पूर्वेकडच्या पाहुण्यांच्या गावी गेलो होतो, तिथं दुष्काळी कामावर बायामाणसं खडी फोडत बसलेली आणि साहेबांची जीप धुरळा उडवत आली की सगळी माना वर करायची. जीप दिसली म्हणजे हजेरी होणार, पगार होणार. त्या काळात गावाकडच्या माणसाला सरकार दिसायचं ते असं, ताडपत्रीच्या टपाखाली बसलेलं.

ही जीप मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. चिखलातनं, ओढ्यातनं, दगडधोंड्यातनं जाणारी, चारही चाकं ओढणारी हलकी गाडी. आपल्याकडं १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्याबरोबर एक कंपनी काढली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच सुमाराला, १९४७ पासून, या कंपनीनं विलीस जीपचे सुटे भाग आणून इथं जोडायला सुरुवात केली. हळूहळू जीप इथंच बनायला लागली. उंच बॉनेटची जी जीप आपण जुन्या फोटोत बघतो, ती सीजे-३बी.

त्या काळी मोटार घ्यायची तर पर्याय तरी किती होते? मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची फियाट, तीच पुढं पद्मिनी झाली. बंगालमध्ये उत्तरपाड्याला अ‍ॅम्बेसेडर. आणि ही जीप. फियाट डॉक्टरांची, अ‍ॅम्बेसेडर आमदारांची, आणि जीप सगळ्यांची. नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर मिळायची, म्हणून जुनी गाडी कुणी टाकून देत नसे. ती एकाकडनं दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडनं तिसऱ्याकडं जायची. इंजिन बदललं, टप बदलला, पाटे बदलले, गाडी तीच. आणि तिच्याबरोबर तिचा गंजही मालक बदलत फिरायचा.

आबांनी जीप घेतली १९७८ साली. एका कार्यालयाच्या लिलावातली, १९६४ ची. मधल्या दलालानं तिला हिरवागार रंग मारून आणली होती. त्या वर्षीच्या गुळाचे पैसे आणि एक दुभती म्हैस, एवढं आबांनी तिच्यात घातलं. आईनं चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या फरशीवर रंगाला फोड आले. आबांनी नखानं फोड उचकटला तर खाली लोखंड नव्हतंच, पुट्टी होती. पुट्टीच्या खाली लाल भुगा. पेन आत घातला तर तो आरपार रस्त्यावर पडला.

"रंग इकला रं त्यानं मला, गाडी न्हाई," आबा म्हणाले. त्या दलालाला ते पुढं कितीतरी वर्षं शिव्या घालत होते.

तरी जीपनं संसार ओढला. माझं लग्न तिच्यातनं झालं. दुधाची घागर, उसाचं बेणं, खताची पोती, बाळंतीण, सगळं तिच्यातनं गेलं. पश्चिम महाराष्ट्रात पुढं जीपांचं वडाप सुरू झालं, तेव्हा चार वर्षं आम्हीही बाजाराच्या दिवशी माणसं भरून नेली. पण शेतकऱ्याच्या हातात गाडी जितकी लवकर गंजते तितकी कुणाच्या हातात गंजत नसेल. खताच्या पोत्याची शिवण सुटते, पोटॅश सांडतं. पोटॅश म्हणजे मिठाचाच भाऊ. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि ओल्या लोखंडावर गंज चौपट वेगानं चालतो. कोकणातली गाडी घेऊ नये, सोलापूरकडची घ्यावी, असं जुने लोक सांगायचे ते समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळंच. थंड देशात म्हणे हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळायला मीठ टाकतात, तिथंही गाड्यांचं हेच होतं. आम्ही तर कोकणात न जाता मीठ आमच्या हातानं फरशीवर सांडत होतो, आणि वर ओलं पोतं अंथरत होतो.

जयसिंगपूरला आमचे एक ठरलेले मिस्त्री होते. पत्राकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९८९ च्या पावसाळ्याच्या तोंडाला मी जीप त्यांच्याकडं नेली. ते खाली सरपटत गेले आणि हातोडीनं चेसिस ठोकत चालले. चांगलं लोखंड टण्ण वाजतं. मागच्या पाट्याचा हँगर जिथं चेसिसला धरलेला असतो, तिथं आल्यावर आवाज बदलला. थप्, थप्.

"मालक, हितं पोकळ वाजतंय," ते खालनंच म्हणाले. "कापून नवा पत्रा घालाय पायजे. चार-पाच दिवस ठेवा गाडी."

जीपचं बरं असतं आणि वाईटही. फियाटसारख्या गाडीत बॉडी हाच सांगाडा. दाराखालचा पट्टा गंजला की गाडीचा कणाच गंजला. जीपची बॉडी वेगळी आणि खालची चेसिस वेगळी. बॉडीला भोकं पडली तरी गाडी चालते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण सगळं वजन ज्या चेसिसवर, ती आतनं पोकळ असते. चाकानं उडवलेला चिखल भोकातनं आत जातो, आत साठतो, वाळत नाही. बाहेरनं काळा रंग शाबूत असतो आणि आत लोखंडाचे पापुद्रे सुटत असतात. तांब्यापितळेवर चढलेला हिरवा थर खालच्या धातूला थोडंफार झाकतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो, सुटतो, आणि खालचं नवं लोखंड पुन्हा उघडं पडतं. मग तेही जातं.

मला हे मिस्त्रींनी सगळं सांगितलं. मी ऐकलं आणि जीप घेऊन घरी आलो. लावणीचे दिवस होते, पैसे सगळे खतात गेले होते. मी बाजारातनं पुट्टीचा डबा आणला, काळा रंग आणला. दुपारी आबा झोपले असताना जीपखाली जाऊन भोकं बुजवली, वरनं ब्रश मारला. काम इतकं सफाईदार झालं की माझं मलाच कौतुक वाटलं.

श्रावणात आबांच्या डोळ्याला मिरजेला दाखवायचं होतं. जयसिंगपूर सोडलं, अंकलीचा कृष्णेवरचा पूल अजून पुढं होता. एका साध्या खड्ड्यात मागचं चाक आदळलं आणि खाली लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. हँगर चेसिसपासनं उपटून आला होता. जीप तिरकी झाली आणि रस्त्याकडेच्या चरात जाऊन टेकली. वेग नव्हता म्हणून वाचलो. आबांनी पडताना हात टेकला, उजवं मनगट मोडलं. पाच मिनिटांनी हेच पुलावर झालं असतं, हा विचार अजून रात्री येतो.

लोक जमले. आबांना वर काढलं. ते मोडका हात छातीशी धरून जीपच्या मागं गेले आणि वाकून बघत उभे राहिले. तुटलेल्या जागी बाहेरनं माझा कोरा काळा रंग, मध्ये पांढरी पुट्टी, आत बोटभर जाडीचा लाल थर. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

"खड्ड्यात चाक गेलं," आबा म्हणाले. "रस्ता खराब हाय."

दवाखान्यात तेच सांगितलं, घरी आईला तेच, पाहुण्यांना तेच. माझ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हाताला प्लॅस्टर असताना मला म्हणाले, "चल, खालच्या रानाकडं जाऊन यू."

खालचं रान म्हणजे ओढ्याकडंचे आमचे दोन एकर. एके काळी त्यातला ऊस बघायला माणसं यायची. पण काही वर्षांपास्नं तिथं जमीन पांढरी पडत चालली होती. उगवण विरळ, ऊस पिवळा. मी काय करत होतो? जास्त खत टाकत होतो, जास्त पाणी पाजत होतो. दिसायला चार दिवस हिरवं दिसायचं. आबा बांधावर उभे राहिले, पायानं पांढरी ढेपळं उकरली.

"चेसिसचं आन् ह्याचं दुखणं एकच हाय," ते म्हणाले. "पाणी आत जातंय, भाईर याला वाट न्हाई. तू वरनं रंग दितूस."

त्या दलालाचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

आमच्या शिरोळ तालुक्याचा, शेजारच्या मिरज, वाळवा तालुक्यांतल्या नदीकाठचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात क्षारपड जमिनीचं एक प्रकरण घालावं लागेल. नदीचं पाणी उपसा करून रानात आलं, ऊस आला, पैसा आला, घरं झाली. पण काळ्या जमिनीतनं पाणी लवकर निचरत नाही. पाटानं पाणी दिलं, वर्षानुवर्षं दिलं, खालची पाण्याची पातळी वर आली. त्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळांपाशी आले. उन्हानं पाणी उडून गेलं आणि मीठ वर राहिलं. हजारो एकर रान असं पांढरं झालं. पाणी नव्हतं म्हणून नाही, पाण्याला जायला वाट नव्हती म्हणून.

त्या हिवाळ्यात मी दोन कामं केली. ओढ्यापर्यंत खोल चर खणला, आणि जीप मिस्त्रींच्या हवाली केली. दहा दिवस त्यांच्या हाताखाली राबलो. त्यांची पद्धत सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी बॉडी उचलून बाजूला ठेवली. चेसिस पाण्याच्या फवाऱ्यानं आतनं धुतली, टोपलंभर चिखल निघाला. मग उन्हात वाळवली. हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळीकडं टोचून बघितलं, आणि पोकळ जागेवर खडूनं खुणा केल्या. खूण नेहमी दिसणाऱ्या गंजापेक्षा तीन-चार बोटं बाहेर, कारण दिसतो त्याहून गंज मोठा असतो. तेवढा भाग कापून काढला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मी म्हटलं, वरनंच ठिगळ लावूया की. मिस्त्री म्हणाले, "गंजावर ठिगळ म्हंजी जखमेवर चामडं शिवल्यागत. आत चालूच ऱ्हातंय." शिवाय एकावर एक पत्रा आला की दोन्हींच्या मध्ये पाणी धरतं. म्हणून तेवढ्याच जाडीचा तुकडा कापून कडेला कड लावून वेल्डिंग केलं. फरशीच्या पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंग, तेही थांबत थांबत, नाहीतर पत्रा वाकडा होतो.

मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि रेड ऑक्साईडचा हात. मिस्त्री सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळी बेलतेलात शेंदूर कालवून लोखंडाला लावायचे. आपल्या शिवेवरच्या म्हसोबाला लावतो तोच शेंदूर. तो शिशापासनं करतात, विषारी असतो, म्हणून पुढं मागं पडला. आणि रेड ऑक्साईडमधला तांबडा रंग म्हणजे मुळात लोखंडाचाच ऑक्साईड, गंजाचा सख्खा चुलता. गंज थांबवायला गंजाच्याच घरचा माणूस, याची मला गंमत वाटली. वरनं रंगाचे दोन हात. आणि वेल्डिंगच्या आचेनं आतल्या बाजूचा रंग जळतो, म्हणून नव्या जोडामागंच गंज पहिल्यांदा चढतो. त्यासाठी चेसिसच्या पोकळीत इंजिनाचं जुनं ऑइल फिरवलं.

सगळं झाल्यावर मिस्त्रींनी ड्रिल घेतलं आणि नव्या पत्र्याच्या तळाला भोक पाडलं. मला कळेना. एवढं बुजवून पुन्हा भोक?

"पाणी जाणारच आत," ते म्हणाले. "वरनं बंद करा, खालनं उघडं ठेवा. खालनं बुजवलं की तुमचीच टाकी झाली."

आज गाडी धुऊन पुसून झाकून ठेवणाऱ्या शहरातल्या लोकांनाही मी एवढंच सांगतो. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा. पायाखालची मॅट पावसाळ्यात उचलून ठेवा. गाडी किंचित उतारावर लावा. नव्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्त चढवलेलं असतं, अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात, त्यामुळं त्या आमच्या जीपपेक्षा जास्त टिकतात. पण कचरा साठून भोक बुजलं की त्यांनाही सुटका नाही.

चर खणल्यावर रान लगेच सुधारलं नाही. दोन पावसाळे मीठ धुपत राहिलं. धैंचा पेरून गाडला. तिसऱ्या वर्षी ज्वारी आली, पुढं ऊस धरला. आबांचं मनगट मात्र वाकडंच जुळलं होतं. त्या वाकड्या हातानं ते बांधावर बसून चराचं पाणी ओढ्यात पडताना बघत बसायचे. २००३ साली ते गेले. खड्ड्याची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आम्ही जनावरं आणि माणसं घेऊन बाहेर पडलो. जीप गोठ्याशेजारी राहिली, ती आठवडाभर पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर गावात नव्या गाड्या ओळीनं उभ्या, काचेवर गाळ, आत वायरिंग गेलेलं. आमच्या जीपमध्ये जळायला इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच. गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं, ते काढलं, सगळं धुतलं, टाकी साफ केली. चौथ्या दिवशी इंजिन लागलं. आम्ही आनंदलो. पण दिवाळीपर्यंत गंज आतनं बाहेर आला. जुन्या जोडांच्या कडेनं फोड धरले.

थोरला म्हणाला, "अण्णा, भंगारात देऊया. न्हाईतर खालनं रबराचं काळं कोटिंग मारून घेतो, एका दिवसाचं काम. दिसायला नवी दिसंल."

ते काळं कोटिंग चांगल्या लोखंडावर चांगलंच. पण गंजावर मारलं तर तो खाली झाकून वाढतो. हे मी त्याला सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी त्याला जीपच्या मागं घेऊन गेलो, हँगरची जागा दाखवली आणि तीस वर्षांपूर्वी अंकलीच्या अलीकडं खड्ड्यात चाक गेलं नव्हतं, हे सांगितलं. पुट्टीचा डबा, काळा रंग, आबांचं मनगट, सगळं. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबांनी कधीच सांगितलं न्हाई?"

"न्हाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः हातोडी घेऊन चेसिस ठोकत खडूनं खुणा केल्या. जयसिंगपूरचे मिस्त्री आता नाहीत, त्यांचा मुलगा गॅरेज चालवतो. मागची फरशी नवी घातली, चेसिसला दोन जागी नवा पत्रा घातला. बाकी किरकोळ गंज आहे तसा ठेवला. तो दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बघतो, ब्रश मारतो, तेल लावतो. जीप आता मोठ्या रस्त्यावर नेत नाही. घरापासनं रानापर्यंत आणि रानापासनं घरापर्यंत.

खालच्या रानात चराच्या जागी आता जमिनीखाली भोकांचे पाइप घातलेत. त्यांचं तोंड ओढ्याला उघडतं. तोंडाशी गवत वाढतं, ते महिन्याला काढावं लागतं. जीपच्या तळाची भोकंही तेव्हाच मोकळी करतो. दोन्ही कामांना एकच तार वापरतो. ती तार गोठ्याच्या खुंटीला असते, आणि तिलाही गंज चढलाय.